प्रतिसाद: साखर सोडून काय साधलं?

गुलामांनी बनवलेल्या साखरेवर ब्रिटनमधल्या लोकांनी एकेकाळी बहिष्कार घातला होता. ‘त्या बहिष्काराने गुलामगिरी संपली नाही, म्हणजे तो फुकटच गेला’ हे मला अर्धंच पटतं. १७९१ साली ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावरील बंदीचा प्रस्ताव फेटाळला. त्याच वर्षी गुलामगिरीविरोधक विल्यम फॉक्सने पत्रक काढून वेस्ट इंडीजची, म्हणजे गुलामांकडून बनवून घेतलेली, साखर सोडा म्हणून सांगितलं. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाने सुमारे ३ लाख लोकांनी ती सोडली. व्यापारबंदी आली थेट १८०७ मध्ये, तेव्हा सगळं श्रेय साखरेला देता येणार नाही, कबूल. पण मताचा अधिकार नसलेल्या बायकांना चहात काय घालायचं हे तरी ठरवता येत होतं. आणि त्यांनी ते ठरवलं! खटकतं ते वेगळंच. ‘गुलामांनी न बनवलेली’ म्हणून पुढे ईस्ट इंडियाची, म्हणजे भारताकडची, साखर खपवली गेली. तिथला मजूर कितपत मोकळा होता?