प्रतिसाद: यकृतातल्या किरणोत्सर्गी मण्यांबद्दल

ताई, वाय-९० उपचारानंतर (यिट्रिअम-९० या किरणोत्सर्गी द्रव्याचे बारीक मणी यकृतातल्या कर्करोगाच्या गाठीत सोडतात, तो) बाबांना महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायला वर एकांनी सांगितलंय. कृपया तसं करू नका, आजारी माणसाला ती शिक्षाच होईल. यिट्रिअम-९० मधून निघणारे बीटा किरण शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर जातात, फार तर ११. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे ६४ तासांचा, म्हणजे दोन आठवड्यांनी जेमतेम तीन टक्के किरणोत्सर्ग उरतो. पहिले काही दिवस नातवंडांना मांडीवर घेऊन बसू नये, गरोदर स्त्रीने फार जवळ थांबू नये, एवढं पुरतं. नेमके दिवस डॉक्टरच सांगतील.

दोनदा अँजिओग्राफी (रक्तवाहिनीत बारीक नळी घालून करतात ती) कशाला, हा तुमचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाठीला रक्त मुख्यतः यकृत धमनीतून मिळतं, तर निरोगी यकृताला बहुतांश पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या शिरेतून. म्हणून धमनीतून सोडलेले मणी गाठीतच जास्त अडकतात. पण काही वाट चुकून फुप्फुसात किंवा जठरात गेले तर तिथे इजा होते. पहिल्या वेळी टेक्निशिअम या सौम्य किरणोत्सर्गी द्रव्याचे कण सोडून तेच तपासतात, खरे मणी दुसऱ्या वेळी. ही पायरी गाळू देऊ नका.

बाबांचं बिलिरुबिन (रक्तातलं कावीळ दाखवणारं द्रव्य) किती आहे? ते बरंच वाढलेलं असेल तर हा उपचार यकृतालाच झेपत नाही. कोथरूडहून परळ लांब वाटेल, तरी सगळे रिपोर्ट आणि सीटीची सीडी घेऊन टाटा मेमोरियलमध्ये एकदा दुसरं मत घ्याच. नंतर काही आठवडे थकवा राहतो, जेवण कमी होतं. त्याने घाबरू नका, पण कावीळ किंवा पोटात पाणी दिसलं तर लगेच कळवा.