फायबरच्या बोटीवरचं 'खोटं' लाकूड: जपायचं की फेकायचं?

ह्युरॉनकाठ

परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'सागवान' यांनी लिहिलं, "फायबरग्लासवर लाकडाच्या रेघा ओढलेली जुनी बोट जपणं म्हणजे प्लास्टिकच्या फुलांना पाणी घालणं. असल्या बोटींनी लँडफिलमध्येच जावं." त्यावर सहमतीची रांग लागली. तिथे उत्तर द्यायला गेलो तर धागा बंद, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे अशीच एक बोट आहे. सोळा फुटी, साठच्या दशकातली, डेकवर मॅहोगनी लाकडाचा भास. मिशिगनमधल्या सॅगिनॉ बेजवळच्या एका कोठारातून आणली. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. दुरुस्तीचं काम चालू आहे आणि ते मी वेळ जात नाही म्हणून करत नाहीये.

हा भास केला कसा जायचा ते एकदा समजून घ्या. फायबरची बोट साच्यात बाहेरून आत अशी बनते. जो थर शेवटी डोळ्यांना दिसणार तो सगळ्यात आधी फवारायचा. माझ्या डेकवर पहिला थर पारदर्शक जेलकोटचा, म्हणजे बाहेरच्या चकचकीत रेझिनचा आहे. त्याच्या मागे ब्रशने ओढलेल्या गडद शिरा, त्यामागे तांबूस पाया, आणि मग काचेचं कापड आणि रेझिन. म्हणजे त्या कारागिराने लाकूड उलट्या क्रमाने रंगवलंय. पाया आधी आणि शिरा नंतर ही सुतारघरातली सवय त्याला मोडावी लागली. आणि साच्यातून डेक निघेपर्यंत आपल्या कामाचा चेहरा त्याला दिसणार नव्हता. याला 'रेघा' म्हणून उडवून लावणं मला मान्य नाही.

दुसरं, ही नक्कल आली कुठून? ओहायोतल्या टोलीडोच्या रे ग्रीन यांनी 1942 मध्ये फायबरग्लासची बोट केली. युद्धानंतर रेझिन स्वस्त झालं आणि ज्यांना क्रिस-क्राफ्ट कंपनीची मॅहोगनीची बोट स्वप्नातही परवडत नव्हती अशा कारखान्यातल्या कामगारांच्या दारात ट्रेलरवर बोट उभी राहिली. पण स्पीडबोट म्हणजे मॅहोगनी हे डोळ्यांत इतकं बसलेलं की नव्या मालावरही जुना चेहरा लागला. फोर्डच्या कंट्री स्क्वायर गाडीवरचं खरं लाकूड गेलं आणि त्याच जागी लाकडी छापाचा व्हिनाइल आला, तेही पन्नासच्या दशकात. हा त्या लोकांच्या हौसेचा पुरावा आहे. तो खरवडून पांढरा रंग मारला की उरतो फक्त सांगाडा.

सागवान

माझं वाक्य मी मागे घेत नाही.

माझ्याकडे पन्नासच्या दशकातली मॅहोगनीची बोट आहे. दर वसंतात ती आधी पाण्यात मुरवावी लागते. फळ्या फुगून सांधे आवळेपर्यंत पंप लावून शेजारी बसायचं. व्हार्निश घासा, पुन्हा लावा, पुन्हा घासा. एकेक फळी वाफेवर वाकवून बसवणारा माणूस वेगळा आणि एका साच्यातून शेकडो नग काढणारा कारखाना वेगळा. दोघांना 'कारागीर' हा एकच शब्द लावू नका.

आणि मिशिगनमधल्या हेसलला दर ऑगस्टात ले शेनो बेटांचं जुन्या बोटींचं प्रदर्शन भरतं, त्याच्या नावातच 'वुडन' आहे. उगाच नाही.

ह्युरॉनकाठ

हेसलचं नाव तुम्ही सांगितलंत, मग जुन्या बोटींची मोठी संस्था एसीबीएस काय करते तेही सांगा. तिथे 'क्लासिक' म्हणजे 1943 ते 1975. वर्ष बघतात. लाकडी की फायबरची यावर वर्ग ठरत नाही.

क्रिस-क्राफ्टनेच 1955 च्या कोब्रा मॉडेलवर मॅहोगनीच्या अंगावर फायबरग्लासचा सोनेरी पंख बसवला होता. आज त्याच बोटीसाठी तुमच्यासारखे लाकूडवाले जीव टाकतात. तो पंख भेसळ नाही का?

नक्कल म्हणून हसायचंच असेल तर एमएफजी (मोल्डेड फायबर ग्लास) कंपनीच्या बोटी बघा. एकावर एक चढवलेल्या फळ्यांची रचना त्यांनी साच्यात ओतली. दिसायला लाकडी बोटीची नक्कल, पण त्या पायऱ्यांमुळे पातळ कवच ताठ राहायचं. ओहायोतल्या याच घराण्याने 1953 च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची बॉडी केली. कॉर्व्हेटला कुणी प्लास्टिकचं फूल म्हणत नाही.

नटबोल्ट

मिनेसोटातून. दोघेही चेहऱ्यावर भांडताय, पोटात काय आहे ते कुणी बोलत नाही.

मी घेतलेली बोट बाहेरून झकास होती. विकणाऱ्याने पॉलिश करून दिली होती. मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, प्लास्टिकच्या हातोडीने ठोकलं तर कडक आवाजाऐवजी 'भद्'. मोटरचा बोल्ट काढला आणि भोकातून काळं पाणी आलं. आत दोन थर प्लायवूड होतं, त्याचा चहाचा चोथा झालेला. खालचे स्ट्रिंगर, म्हणजे तळाला आधार देणारे लांब दांडे, तसेच. तळाचा फोम इतका पाणी प्यायलेला की एकट्याला तुकडा उचलेना. आमच्याकडे थंडीत ते पाणी गोठतं आणि काचेचे थर एकमेकांपासून सुटतात.

सगळं कापून काढलं, नवं बसवलं. त्या पैशात चांगली वापरलेली ॲल्युमिनियमची बोट आली असती. वर तुम्ही शिरा रंगवत बसणार. आधी तळ बघा.

ह्युरॉनकाठ

तळच आधी केलाय. पण तुमच्या हकिगतीतून निघतं काय ते बघा. कुजलं कोण? प्लायवूड. म्हणजे खरं लाकूड. साठ वर्षांनी धड उरलंय ते 'खोटं'.

सागवान

हा युक्तिवाद मी सोडणार नाही. लाकूड कुजलं कारण तुम्ही ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलं! एका स्क्रूच्या भोकातून शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. उघडं लाकूड भिजतं, वाळतं, कुठे मऊ झालं ते दिसतं आणि तेवढी फळी बदलता येते. लाकडाचा जीव घेऊन वर लाकडालाच दोष देणं हा अन्याय आहे.

चंद्रूस

देवगडहून लिहितोय. मिशिगनची तळी पाहिली नाहीत, पण हे भांडण आमच्या खाडीवर घराघरात झालंय.

आमच्या घरात लाकडी होड्या बांधत. पाऊस लागायच्या आधी होडी वर ओढायची, वर झापांचं छप्पर करायचं. मोसम सुरू व्हायच्या आधी सांध्यांत कापूस ठासायचा, चंद्रूस (राळ) आणि तेल, तळाला मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल. फायबर आलं आणि बघता बघता हे सगळं थांबलं. बाबांच्या हातातली करवत भिंतीला लागली. चुलतभाऊ मुंबईला गेले. सागवान साहेबांचं म्हणणं मला काळजापासून पटतं. फायबरने एक अख्खी विद्या बुडवली.

नटबोल्ट

भावना समजल्या, पण फायबर मच्छिमारांनी स्वतःहून घेतलं ना? कुणी जबरदस्ती केली नव्हती. होडी हलकी, दोन माणसं ओढतात, समुद्रातली कीड पोखरत नाही, मागे आउटबोर्ड लावला की सुटली. लाकडी होडी वर ओढायला अख्खी वाडी लागायची.

चंद्रूस

हो, लागायची. आणि म्हणून वाडी एकत्र असायची. तुम्हाला हे 'मनुष्यबळ' वाटतं, आम्हाला शेजार.

गॅरेजबाहेरची

चंद्रूस, शेजार ठीक आहे, पण त्या एकत्र वाडीत पहाटे उठून तेलाचे डबे आणि भाकऱ्या कोण पोचवत होतं? माझं माहेर हर्णैजवळचं. आईला विचारलं तर ती फायबरच्याच बाजूने बोलेल. मोरीच्या तेलाचा वास तिच्या पातळातून कधी गेला नाही. विद्या बुडाली म्हणून रडताना त्या विद्येचा भार कुणाच्या डोक्यावर होता तेही लिहा.

आणि ह्युरॉनकाठ, तुमच्या घरचं माहीत नाही, पण आमच्या मिशिगनच्या घरी गॅरेज बोटीचं आहे आणि माझी गाडी जानेवारीत बर्फात उभी असते. फायबर घासल्याची धूळ कपड्यांत, मुलांच्या दप्तरात. पॉलिएस्टर रेझिनच्या स्टायरीनचा वास घरात शिरतो. मास्क नवरा लावतो, बाकीच्यांनी काय करायचं? जतन, इतिहास, सगळं कबूल. ते घराबाहेर शेड भाड्याने घेऊन करा.

चंद्रूस

ताई, तुमचा मुद्दा खोडता येत नाही. आमच्या आईचेही हात त्या तेलाने कायम काळे असायचे. तेवढं मान्य.

पण एक सांगा, लाकडी होडी संपली की तिचं काय व्हायचं? खिळे काढून घ्यायचे, धड फळ्यांचे पाट, बाकीचं चुलीत. फायबरची फुटकी होडी आमच्या खाडीच्या चिखलात पडली आहे, ती माझ्या नातवाच्या नातवालाही तिथेच दिसणार. जळत नाही, जाळली तर विषारी धूर. कुणी नेत नाही. याचं उत्तर द्या.

नटबोल्ट

उत्तर नाही माझ्याकडे. इथेही तेच आहे. जुनी बोट फुकट देतो म्हटलं तरी कुणी घेत नाही, करवतीने तुकडे करून कचराभूमीत पाठवायला वर पैसे द्यावे लागतात. फ्रान्समध्ये नवी बोट विकतानाच तिच्या मोडणीचे पैसे धरायची पद्धत 2019 पासून आहे, तसं सगळीकडे व्हायला हवं. पण एकच सांगतो, तुमच्याकडे आता लाकडी होड्यांच्या तळालाही फायबरचा लेप चढवतात. म्हणजे लाकूडवाल्यांनीही तडजोड केली.

चंद्रूस

केली, कारण ऐन आणि साग परवडेना! हे बोलणं जिव्हारी लागलं. गरजेपोटी केलेल्या कामाला तडजोड म्हणून हिणवायला तुम्ही आमच्या खाडीवर एक पावसाळा काढलाय का? बाबा म्हणत, "लाकूड सांभाळूचा म्हणजे काय ता तुमका म्हायत नाय." तेच तुम्हाला म्हणतो.

नटबोल्ट

हिणवलं नाही. शब्द लागला असेल तर तो शब्द काढून टाका, मुद्दा राहू द्या.

ह्युरॉनकाठ

धागा माझ्या डेकवरून देवगडच्या खाडीत गेला, पण चंद्रूस यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धं उत्तर आहे. फायबर मरत नाही हे खरं. मग जे मरत नाही ते लँडफिलमध्ये टाका म्हणणाऱ्यांपेक्षा ते पुन्हा पाण्यात उतरवणारा बरा की नाही? माझी बोट दुरुस्त झाली तर एक सांगाडा कमी. सगळ्या जगाचा कचरा यातून सुटत नाही, पण 'असल्या बोटींनी लँडफिलमध्येच जावं' हे वाक्य मात्र अधिकच बेजबाबदार ठरतं.

गॅरेजबाहेरची यांचं बरोबर आहे. घासकाम मी घरात करत नाही, पण सगळे तसं करत नाहीत आणि हे छंदवाल्यांनी मनावर घ्यायला हवं. त्यात आणखी भर घालतो. घरात लहान मुलं असतील तर लाकडाच्या शिरांआधी तरंगायची सोय बघा. अमेरिकेत बोटींच्या सुरक्षेचा मोठा कायदा 1971 चा आहे. त्याआधीच्या बोटी भरल्या तर कशा तरंगतील याची खात्री नसते. नवा फोम बसवल्याशिवाय मी कुणाला बसवणार नाही.

सागवान

लँडफिलचं वाक्य कडक होतं, तेवढं काढा. चंद्रूस यांची फुटकी होडी वाचून ते टिकत नाही.

पण मूळ मुद्दा तसाच आहे. तुम्ही त्या शिरांची दुरुस्ती करणार म्हणजे नक्की काय करणार? नक्कलेची नक्कल. कारखान्यातल्या माणसाने निदान मॅहोगनी पाहिली होती. तुम्ही त्याने काढलेलं चित्र बघून चित्र काढणार. त्यापेक्षा वर खऱ्या मॅहोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवा, निदान हात लावल्यावर लाकूड लागेल.

ह्युरॉनकाठ

ते तर अजिबात नाही! पापुद्रा चिकटवणं हीच खरी फसवणूक. ही बोट लाकडी कधीच नव्हती आणि तसं तिने कधी भासवलंही नाही. जवळ गेलं की कळतं. खरी मॅहोगनी चिकटवली तर तिचं वय, तिचा वर्ग, तिची जात सगळं खोटं होईल.

आणि मी चित्रावरून चित्र काढत नाही. सूर्याने वरचा पारदर्शक थर धूसर केलाय, तो घासताना हात जरा जड पडला की शिरा निघून येतात. जिथे पूर्वीच्या मालकाने तसं केलंय तेवढ्याच जागा भरायच्या. तांबूस पाया, वाळला की गडद ग्लेझ (अर्धपारदर्शक रंग), ओलं असतानाच कंगवा आणि कोरडा ब्रश ओढायचा, कडेला शिरा जुन्या शिरांना भिडवायच्या. वर ऊन सोसणारं दोन भागांचं पॉलियुरेथेन. मी आधी टाकाऊ फळकुटांवर हात बसवतोय, आणि त्यासाठी खरी मॅहोगनी समोर ठेवतो. तुमची बोट बघायला मला यायचं आहे, तेही त्याचसाठी.

गॅरेजबाहेरची

दोघांनी भेटा, फक्त आमच्या गॅरेजमध्ये नको. आणि जुनी बोट घेणाऱ्या सगळ्यांना, कागद आधी बघा. 1 नोव्हेंबर 1972 च्या आधीच्या बोटींना आजचा बारा अक्षरी ओळख क्रमांक नसतो. आमच्या त्या बोटीच्या नोंदणीसाठी मी सरकारी खिडक्या झिजवल्यात, नवऱ्याने नाही.

सागवान

जूनमध्ये या. बोट मुरवून झालेली असेल. मॅहोगनीच्या शिरा उन्हात आणि सावलीत वेगळ्या दिसतात, दोन्ही वेळा थांबून बघा. तुमच्या कंगव्याने ते येणार नाही असं माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही.

ट्रान्समसाठी काय वापरलंत ते लिहिलं नाहीत. जुन्या पॉलिएस्टरला नवं पॉलिएस्टर घट्ट धरत नाही, इपॉक्सी घ्या आणि सांध्याला बारास एक उतार द्या. आणि मोटरच्या बोल्टची भोकं मोठी पाडून, इपॉक्सीने भरून, मग पुन्हा पाडा. आतलं लाकूड तरी जगू द्या.