मदत हवी आहे : गटातील मौनाचा अर्थ कोणत्या सिद्धांताने लावावा?

नमस्कार. सामाजिक मानसशास्त्राचा अभ्यास करताना एका प्रश्नापाशी अडलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बैठकीत ठराव मांडला जातो, ‘कोणाची हरकत?’ असे विचारले जाते, सगळे समोरच्या कागदांकडे पाहत राहतात, ठराव मंजूर होतो आणि दाराबाहेर पडताच हरकतींना तोंड फुटते. या मौनाचे कारण कसे ठरवावे?

सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी स्पष्ट दिसत असूनही, इतरांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिल्यावर सहभागींनी सुमारे एक तृतीयांश वेळा तेच उत्तर दिले. लाताने आणि डार्ली यांच्या १९६८च्या प्रयोगात खोलीत धूर येताना एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी तो कळवला. शेजारी दोन निर्विकार माणसे बसवल्यावर मात्र १० टक्क्यांनीच. पहिल्या प्रयोगात वेगळे पडण्याची धास्ती मला अधिक दिसते, तर दुसऱ्यात इतरांच्या चेहऱ्यांवरून परिस्थितीचा अर्थ लावणे.

गुप्त लेखी मत घेतल्यास धास्ती वेगळी काढता येईल, असे वाटते. परंतु नंतर मुलाखत घ्यावी, तर फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या, विचार आणि वर्तन यांतील विसंगतीच्या सिद्धांतानुसार माणूस आपल्या गप्प राहण्याशी जुळेल असे मत एव्हाना बनवून बसलेला असू शकतो, ही माझी खरी अडचण आहे.

प्रत्यक्ष क्षेत्रकार्य केलेल्यांनी ही कारणे निरीक्षणातून कशी वेगळी केली, हे कृपया सविस्तर सांगावे.