सोहनी ऐकायला, पुरिया गायला

पन्नाशीत गाणं सुरू केलं, काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला 'ग', लागत नाही, मग सोडावं का, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, आधी पट्टी बदला! मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला 'प') पुटपुटल्यासारखा न येता स्वच्छ लागेल इतपत षड्ज, म्हणजे तुमचा 'सा', खाली आणा. वरच्या पट्टीत ओढाताण केली की हनुवटी वर जाते, गळा आवळतो आणि सूर चिरकतो.

तरीही तार सप्तक जड जात असेल तर राग निवडून घ्या. पुरिया आणि सोहनीचे स्वर तेच. पण सोहनी तार षड्जाभोवती फिरते, पुरिया मंद्र-मध्यात रमतो. सोपा नाही तो, पण त्याची कसोटी स्वरलगावाची, म्हणजे सूर कसा लावता याची, आहे, उंचीची नाही. पुरियात पंचम वर्ज्य, म्हणजे तो लागतच नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादात ('नी'मध्ये) लावा. द्रुत (जलद) तानांचा नाद तूर्त सोडा. रोज वीस मिनिटं नुसता आलाप.