यॉर्कशायरचं दुखणं ऋतुराज नाही

लीड्सकर

परवा कोथरूडचा_कट्टर यांनी इथेच लिहिलं होतं की ऋतुराज गायकवाड यॉर्कशायर या इंग्लिश काउंटीकडून खेळायला जुलैत ठरल्याप्रमाणे आला असता, तर तिला 2025 चा सीझन काउंटी चॅम्पियनशिपच्या वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, जीव मुठीत धरून काढावा लागला नसता. वर हेही होतं की "टॉप थ्रीमध्ये एक भारतीय असता, तर बाकी टीम ठीकच आहे". बाकी टीम ठीक आहे? इथे राहून, पदरचे पैसे मोडून यॉर्कशायरच्या हेडिंग्ले मैदानावर जाणाऱ्याला हे वाचून राग येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

चॅम्पियनशिपची तेहतीस विजेतेपदं आहेत या काउंटीची, त्यातलं 1949 चं तेवढं वाटून घेतलेलं. गिलेस्पी कोच असताना 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन जिंकली. तेव्हाची टीम बघा आणि नंतर कोण कोण गेलं ते बघा. लीस डरहॅमला गेला आणि तिथून इंग्लंडकडून टेस्ट खेळला. लीनिंग केंटला, ब्रूक्स आणि कोहलर-कॅडमोर सॉमरसेटला, विली नॉर्थॅम्प्टनला, फिशर सरेला. 2025 च्या सीझननंतर जॉर्डन थॉम्पसनही वॉरिकशायरला गेला. यातले निम्मे तरी इथेच तयार झालेले, ऐन उमेदीत सोडलेले. गिलेस्पी 2016 ला गेला. 2021 च्या शेवटी अझीम रफीकच्या वर्णद्वेषाच्या तक्रारींच्या प्रकरणात सोळा जणांचा स्टाफ एका दिवसात गेला. पुढच्याच वर्षी शेवटच्या दिवशी ग्लॉस्टरशायरकडून 18 धावांनी हरून आपण खाली डिव्हिजन टूमध्ये गेलो. मग त्याच रफीक प्रकरणात 48 गुणांचा दंड. वर यायला 2024 उजाडलं.

एवढ्या पडझडीत पोरं घडवणार कोण? फिनले बीनने 2022 मध्ये सेकंड इलेव्हनच्या एका डावात 441 केल्या. व्हार्टनने 2024 मध्ये नॉर्थॅम्प्टनविरुद्ध 285. म्हणजे माती चांगली आहे. पण दोन मॅच अपयशी गेल्या की बाहेर, आणि त्या जागी सहा आठवड्यांसाठी आणलेला परदेशी पाहुणा. ऋतुराज आला असता तर तोही पाहुणाच असता. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो पाहुण्यांच्या जिवावर घर चालवण्यावर.

कोथरूडचा_कट्टर

माझं वाक्य अर्धं उचललंत. ऋतुराज हे एकमेव कारण आहे असं मी म्हटलं नव्हतं. पण पाहुण्यांचा एवढा तिटकारा असेल तर हे सांगा: त्याच्या जागी आलेल्या इमाम-उल-हकने वनडे कपमध्ये शतकांवर शतकं ठोकली की नाही? टीम सेमीफायनलला गेली की नाही? सप्टेंबरात मयांक अगरवाल आला आणि त्यानेही शतक केलं. ही पाहुण्यांचीच कमाई ना?

आणि माझी खरी तळमळ तुमच्या लक्षातच आली नाही. मला वाईट वाटतं ते ऋतुराजसाठी. इंग्लंडचा ड्यूक्स बॉल, यॉर्कशायरचं स्कारबरोचं मैदान, समुद्रावरून येणारा वारा, पुढे पावसाळी सप्टेंबर. त्याच्यासारख्या बॅट्समनला टेस्टचं दार उघडायला यापेक्षा चांगली शाळा कुठली? वैयक्तिक कारण सांगितलं, ठीक. पण सप्टेंबरात दुलीप ट्रॉफीत 184 मारणारा माणूस तेच तीन महिने इंग्लंडमध्ये खेळला असता, तर आज निवड समितीला त्याच्याकडे दुर्लक्ष करता आलं नसतं. सचिन 1992 मध्ये एकोणीस वर्षांचा होता. मॅकडर्मॉटला दुखापत झाली म्हणून यॉर्कशायरने त्याला बोलावलं आणि तो आला. 1070 धावा केल्या. शतक एकच, तरी लीड्समधली म्हातारी माणसं अजून त्याचं नाव काढतात.

बॅकफूट_पंच

कट्टर, वैयक्तिक कारण म्हणजे वैयक्तिक कारण. आपण घरात बसून त्याच्या घरातलं काय ठरवणार? तो विषय सोडा.

लीड्सकर, तुमची यादी एकतर्फी आहे. रूट, ब्रूक, बेअरस्टो, रशीद. एका काउंटीने एका पिढीत एवढे दिले, आणि तुम्ही म्हणता पोरं घडत नाहीत? घडतात, पण इंग्लंड घेऊन जातं. रूट सेंट्रल कॉन्ट्रॅक्टवर आहे, यॉर्कशायरला वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मॅच मिळतात. खरा दोष वेळापत्रकाचा आहे. चॅम्पियनशिप मुख्यतः एप्रिल-मे मध्ये थंडीत, जून-जुलैत मोजक्या मॅच, नंतर सप्टेंबरात. मधला बहुतेक उन्हाळा ब्लास्ट (टी-20) आणि हंड्रेड (शंभर बॉलची स्पर्धा) यांचा. ऑगस्टमध्ये पीच कोरडं असतं तेव्हा तुमचे चांगले पोरगे हंड्रेडमध्ये, उरलेले वनडे कपमध्ये. स्पिनर तयार होणार कधी? एप्रिलमध्ये ओल्या पीचवर मध्यमगती गोलंदाजांच्या सीमवर नाचणाऱ्या बॉलवर ओपनर काय शिकणार? अॅडम लिथ चाळिशीला टेकला तरी अजून ओपनिंगला येतो, कारण एप्रिलमध्ये तगणं त्याला जमतं.

मीनल_लफबरो

सगळे वरच्या मजल्याबद्दल बोलताय. पोरं खालून येतात, तिथे काय चाललंय ते कुणी बघितलंय का?

माझा मुलगा एका काउंटीच्या वयोगट संघात होता. नाव घेत नाही, यॉर्कशायर नाही. हिवाळ्यात नेट्स एका खासगी शाळेत, आमच्या घरापासून पाऊण तासावर. मी नोकरी सांभाळून, अंधारात गाडी काढून त्याला नेत असे. त्या शाळेची मुलं आठवडाभर त्याच नेट्समध्ये, त्याच कोचबरोबर. माझा मुलगा रविवारी तासभर. पंधराव्या वर्षी दोन ओळींचा ईमेल आला की पुढच्या वर्षी तुमचा विचार नाही. कारण विचारायला फोन केला तर कोणी उचलला नाही. त्याने बॅट माळ्यावर टाकली, आता फुटबॉल बघतो.

रूट वर्कसॉप कॉलेजचा. ब्रूक सेडबर्गचा. बेअरस्टो यॉर्कच्या सेंट पीटर्सचा. तिन्ही फीवाल्या शाळा. या देशात हौशी क्रिकेट खेळणाऱ्यांत जवळपास तीस टक्के दक्षिण आशियाई, आणि व्यावसायिकांत जेमतेम पाच टक्के. मधले कुठे गेले? त्यांना खेळता येत नव्हतं?

बॅकफूट_पंच

मीनलताई, मुलाचं वाईट वाटलं. पण एका मुलाला काढलं म्हणून सगळी व्यवस्था पक्षपाती ठरत नाही. दर वर्षी शेकडो मुलं गळतात, गोरीही. रूट शेफील्ड कॉलेजिएट क्लबमध्ये वाढला, ब्रूक बर्ली-इन-व्हार्फडेल या गावच्या क्लबात. शाळा नंतर आल्या. आणि आदिल रशीद ब्रॅडफर्डचाच ना? गुणवत्ता असेल तर वाट सापडते.

मीनल_लफबरो

"गुणवत्ता असेल तर वाट सापडते" हे वाक्य मला त्या काउंटीच्या कोचनेही ऐकवलं होतं. कृपा करून पुन्हा ऐकवू नका.

रशीद 2006 मध्ये आला. तेव्हापासून ब्रॅडफर्डने किती दिले, नावं सांगा. यॉर्कशायर 1863 पासून आहे. ब्रिटनमध्ये जन्मलेला पहिला आशियाई, अजमल शहजाद, त्यांच्याकडून खेळला 2004 मध्ये. ब्रॅडफर्डमध्ये गल्लोगल्ली मुलं क्रिकेट खेळतात, आणि तिथल्या पार्क अव्हेन्यू मैदानावर 1996 नंतर काउंटीची फर्स्ट क्लास मॅच झाली नाही. लीड्स ट्रेनने वीसेक मिनिटांवर. तेवढं अंतर कापायला एका मुलाला दोन पिढ्या लागतात, हे तुम्हाला खटकत नाही? लेगस्पिनर जाफर चोहानला यॉर्कशायरमध्ये आणलं ते साउथ एशियन क्रिकेट अकादमीने, आणि तो मुळात लंडनचा. ज्यांना काउंट्यांनी सोडलं त्यांच्यासाठी काढलेल्या अकादमीतून मुलगा उचलावा लागतो, म्हणजे काउंटीच्या स्वतःच्या चाळणीलाच भोकं पडलीत.

लेस्टरवासी

या सगळ्यात आम्हा छोट्या काउंट्यांचं कोणी नाव काढत नाही. लीड्सकर, तुम्ही गेलेल्यांची यादी दिलीत. आमची ऐका. ब्रॉड आमचा, 2008 ला नॉटिंगहॅमला गेला. जेम्स टेलर आमचा, तोही नॉटिंगहॅमलाच. 2013 आणि 2014, दोन सीझनमध्ये चॅम्पियनशिपची एकही मॅच जिंकलो नाही. तेव्हा लोक हसत होते, लेस्टरशायर बंद करा म्हणत होते. आम्ही काय केलं? रेहान अहमदला सांभाळलं, 2023 ला वनडे कप जिंकला, आणि 2025 ला डिव्हिजन टू जिंकून 2003 नंतर पहिल्यांदा वर आलो. अजिंक्य रहाणेही 2024 मध्ये आमच्याकडे खेळला, पण त्याने येऊन वाचवलं असं आमच्या ग्रेस रोड मैदानावर कोणी म्हणत नाही. तो ज्या मुलांबरोबर खेळला त्यांनी टीम वर नेली.

यॉर्कशायरने 2023 ला पाकिस्तानचा शान मसूद आणून थेट कॅप्टन केला. तेहतीस विजेतेपदांच्या काउंटीला घरातला कॅप्टन मिळाला नाही!

कोथरूडचा_कट्टर

लेस्टरवासी, तुम्हाला वर आल्याची हवा लागलीय. एक सीझन डिव्हिजन वनमध्ये काढा, मग धडे द्या.

मीनलताईंचा मुद्दा मात्र मला पटतोय, इच्छा नसताना पटतोय. पुण्यात राहून आपल्याला वाटतं की इंग्लंडमध्ये सगळं नियमाने चालतं. इथेही ज्याच्या बापाची कार आहे तोच सकाळच्या नेट्सला पोचतो. फक्त ऋतुराज पिंपरी-चिंचवडमधून आला तेव्हा थेरगावची अकादमी घराजवळ होती. ब्रॅडफर्डच्या मुलाला तसं काय आहे, हा प्रश्न बरोबर आहे. पण म्हणून पाहुणे नकोत, हे मी मानणार नाही. नवीन मुलाला समोर उभं राहून शिकवणारा कोणी लागतो. पुजाराबरोबर नेट्समध्ये घालवलेला एक आठवडा कोचिंगच्या शंभर व्हिडिओंपेक्षा मोलाचा.

बॅकफूट_पंच

पुजाराचं नाव काढलंत म्हणून सांगतो, 2018 मध्ये यॉर्कशायरसाठी चॅम्पियनशिपमध्ये त्याचं काही चाललं नाही. आणि त्याच्याशेजारी नेट्समध्ये असलेल्यांपैकी किती जण आज टीममध्ये आहेत? सहा आठवड्यांत कोण कोणाला शिकवतं?

मीनलताई, तुमच्या आकड्यांवर माझ्याकडे उत्तर नाही. पार्क अव्हेन्यूचं बोललात तेही खरं. तरी वेळापत्रक बदललं नाही तर ब्रॅडफर्डच्या मुलालाही एप्रिलच्या थंडीतच बोलवाल, आणि तो स्पिनर असेल तर सप्टेंबरपर्यंत बाराव्या गड्याचं पाणी वाहील. रशीदचंच बघा, 2019 नंतर त्याने लाल बॉल हातात घेतलेला नाही. काउंटीने घडवलेला सगळ्यात मोठा लेगस्पिनर चॅम्पियनशिप खेळत नाही, यावर तुमच्या शाळांकडे काय उपाय आहे?

लीड्सकर

पंच, रशीदबद्दल गप्प बसावं लागतंय. वेळापत्रकाचंही मान्य, पण अर्धंच. सरेही त्याच एप्रिलमध्ये, त्याच थंडीत खेळते, आणि 2022 ते 2024 लागोपाठ तीनदा जिंकली. पोप, स्मिथ, करन सगळे इंग्लंडने नेले तरी मागून मुलं येत राहिली.

आता पैशाचं बोलू, कारण पुढची सबब तीच असणार होती आणि ती उरलेली नाही. सनरायझर्सवाल्यांनी हेडिंग्लेची हंड्रेडमधली टीम, नॉर्दर्न सुपरचार्जर्स, पूर्ण विकत घेतली, शंभर दशलक्ष पौंडांच्या घरात. काउंटीने आपला 51 टक्के हिस्साही विकला. ग्रेव्ह्ज कुटुंबाच्या ट्रस्टचं कर्ज फेडा, हेडिंग्ले दुरुस्त करा, कोणाची ना नाही. पण उरलेल्यातून पुन्हा एखादा सहा आठवड्यांचा मोठा माणूस आणला, तर मी सदस्यांच्या सभेत उभा राहून विचारणार आहे. ब्रॅडफर्ड, ड्यूसबरी, शेफील्डमध्ये पूर्ण वेळ पगारी कोच किती नेमले? हिवाळ्यात फुकट नेट्स किती मुलांना दिले? पंधराव्या वर्षी ज्याला काढलं त्याला समोर बसवून कारण कोणी सांगितलं? मीनलताई, तुमच्या मुलाला जो ईमेल आला तसा इथेही जातो का, हेही विचारतो. सभेची तारीख लागली की इथे टाकतो. यॉर्कशायरचे सदस्य असाल तर या, प्रश्न आधी लेखी द्यावे लागतात.

मीनल_लफबरो

सदस्य नाही, पण प्रश्न लिहून पाठवते. त्यात एक वाढवा: वयोगट निवडीच्या दिवशी निवड करणाऱ्यांत त्याच खासगी शाळांचे कोच किती असतात?