मदत हवी आहे : गुडघेदुखी असलेल्या बाबांना चिल्का सरोवर (ओडिशा) कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,
जानेवारीत आईबाबांना घेऊन ओडिशाला जायचं ठरतंय. पुरी, कोणार्क तर होईलच, पण बाबांचा सगळा जीव चिल्कात अडकलाय. वय ७२, रिटायर झाल्यापासून पक्ष्यांचा नाद लागलाय, दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याचं नाव, जागा, तारीख पेन्सिलने वहीत लिहून ठेवतात. भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब त्या वहीत केव्हाच आलेत, आता चिल्का बघायचंच म्हणतात आणि मलाही ते यंदाच करायचंय, पुढे ढकलायचं नाहीये.

अडचण होडीची आहे. चिल्काकाठच्या मंगलाजोडी गावाला म्हणे साध्या लाकडी होड्या, मोटर नाही, नावाडी लांब बांबूने ढकलत गवतातून नेतो, त्यामुळे गॉडविट, शेकाट्या, जांभळ्या पाणकोंबड्या अगदी जवळून दिसतात. पूर्वी तिथे शिकार करणारेच आता पक्ष्यांची राखण करतात आणि गाईड म्हणून सोबत येतात, आपले पैसे अशा माणसांच्या हातात गेले तर फार बरं वाटेल. पण बाबांना मांडी घालून बसता येत नाही आणि खाली बसले तर दोघांनी धरून उठवावं लागतं. त्या होडीत फळी किंवा बुटकी खुर्ची ठेवून देतात का? काठावरून आत पाऊल टाकताना चिखल असतो की नीट धक्का आहे? हे फोटोत कुठेच दिसत नाही हो.

दुसरं सातपाडा. पुरीहून साधारण ५० किमी, इरावडी डॉल्फिन तिथेच. पण व्हिडिओत बघितलं की एक डॉल्फिन वर आला की चार-पाच मोटरबोटी त्याच्यावर धावून जातात, ते बघवत नाही. लांब इंजिन बंद करून शांत थांबणारा नावाडी मिळतो का, आणि बोट ठरवतानाच तसं सांगितलं तर ऐकतात का? नाहीतर सातपाडा सरळ वगळणार, बाबांनाही चालेल.

आईला चिल्कातल्या बेटावरच्या कालिजाई देवीचं दर्शन घ्यायचंय. ते बेट बारकूलहून जवळ आणि नलबन बेटाच्या बोटीही तिथूनच, म्हणून एक मुक्काम बारकूल किंवा बालुगावला करायचा विचार आहे. नलबन पावसाळ्यात पाण्याखाली असतं आणि थंडीत अभयारण्य म्हणून बेटावर उतरू देत नाहीत एवढं माहितीय, पण कडेकडेने बोटीतून दुर्बिणीने रोहितांचे थवे नीट दिसतात की नुसती गुलाबी रेघ? मकरसंक्रांतीला कालिजाईला मोठी जत्रा असते म्हणून ते दिवस टाळतोय, संक्रांतीनंतरचा आठवडा धरला तर पक्षी भरपूर असतील ना?

जेवणाचंही सांगा. चिल्काची कोळंबी आणि खेकडे बाबांना खायचेतच, पण शुगर आहे त्यामुळे जेवण वेळेवर लागतं, मंगलाजोडीला पहाटेच्या फेरीआधी काही खायला मिळतं की डबा बरोबर न्यावा?

कोणी घरातल्या वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, विशेषतः होडीत चढण्या-उतरण्याचं. तिकिटं याच आठवड्यात काढायचीत.