फोबॉसवर झूम ५ विकलांपाशी अडतो

प्रश्न (इंदूर)
स्टेलेरियम या आकाशदर्शनाच्या संगणक-प्रोग्राममध्ये ठिकाण इंदूर, तारीख १९ फेब्रुवारी २०२७, म्हणजे मंगळाची प्रतियुती (पृथ्वीवरून मंगळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला). एफ३ ने मंगळाचा चंद्र फोबॉस शोधला, स्पेसने मधोमध आणला. खालच्या पट्टीत दृष्टिक्षेत्र (पडद्यावर मावणारा आकाशाचा कोन) ०.००१३९ अंश, म्हणजे ५ विकला (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे विकला) झालं की माऊसचं चाक कितीही फिरवा, पुढे जात नाही. १०८० ओळींच्या स्क्रीनवर फोबॉस कणभर, दुसरा चंद्र डायमॉस नुसता ठिपका. मला मुलांना पडद्यावर दाखवायला मोठा फोबॉस हवा आहे, शिवाय त्या रात्री दुर्बिणीसाठी नकाशाही. ही मर्यादा काढता येते का?

उत्तर (बडोदे)
काढून उपयोग नाही. प्रतियुतीला मंगळ सुमारे १०.१ कोटी किमीवर असेल. फोबॉस सरासरी २२ किमीचा, म्हणजे ०.०४५ विकला. ५ विकला १०८० ओळींत बसवल्या की त्याच्या वाट्याला जेमतेम १० पिक्सेल येतात, १२ किमीच्या डायमॉसला ५.

आणखी आत गेलात तर चित्र थरथरू लागतं. संगणकाने ३२-बिटी (मर्यादित अचूकतेच्या) आकड्यांत दिशा साठवली की सर्वांत लहान पायरी साधारण ०.०१२ विकलांची पडते. ५ विकलांच्या क्षेत्रात ती अडीच पिक्सेल, दहापट झूमला पंचवीस. चंद्र उड्याच मारेल!

त्यापेक्षा स्वतःच जवळ जा. एफ६ उघडून ग्रह मंगळ निवडा, अक्षांश ० ठेवा. ६९ अंशांच्या पलीकडे फोबॉस उगवतच नाही, त्यामुळे ध्रुवाजवळची जागा नको. मग पुन्हा एफ३. तो क्षितिजाखाली असेल तर ‘जी’ कळ दाबून जमीन घालवा, नाहीतर वेळ पुढे सरकवा; तो पश्चिमेला उगवतो आणि ७ तास ३९ मिनिटांत प्रदक्षिणा संपवतो. डोक्यावर आला की बिंब १२ कलांच्या (अंशाचा ६० वा भाग म्हणजे कला) वर भरतं. दृष्टिक्षेत्र पाव अंश पुरे.

उत्तर (ग्वाल्हेर)
बडोदेकरांची युक्ती पडद्यासाठी उत्तम. फक्त मुलांना सांगा की हे मंगळावरून दिसणारं रूप आहे. फोबॉस मंगळाकडे कायम एकच बाजू ठेवतो, आणि त्याची कलाही (बिंबाचा उजळलेला भाग) तिथलीच, पृथ्वीवरून दिसणारी नव्हे.

नकाशासाठी मात्र झूम कमी करा. ठिकाण परत इंदूर, दृष्टिक्षेत्र २ कला. मंगळाचं बिंब १३.८ विकलांचं. फोबॉस केंद्रापासून जास्तीत जास्त १९ विकला लांब जातो, म्हणजे कडेपासून १२. डायमॉस केंद्रापासून ४८ पर्यंत. फोबॉस दर ३ तास ५० मिनिटांनी आलटूनपालटून एकेका बाजूला लांब जातो, ती वेळ टिपून ठेवा.

एफ४ मध्ये ग्रह मोठे दाखवण्याचा पर्याय बंद हवा, नाहीतर फुगलेला मंगळ फोबॉसला गिळतो. प्रकाशाचा वेग धरण्याचा पर्याय असेल तर तो चालू हवा. मंगळावरून प्रकाश यायला साडेपाच मिनिटं लागतात; पर्याय बंद राहिला तर फोबॉस तेवढा पुढे दिसतो, जागेत दीड विकलापर्यंत चूक.

मंगळाचा झगमगाट हीच खरी अडचण. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) फील्ड स्टॉपवर, म्हणजे आतल्या दृश्याची कड ठरवणाऱ्या कड्यावर, फॉइलची बारीक पट्टी लावून मंगळ झाका. आधी डायमॉस शोधा. तो फोबॉसपेक्षा मंद, पण लांब असल्यामुळे सहसा तोच आधी सापडतो.

इंदूर
दोन्हींबद्दल आभार. नकाशा छापताना उलटवायचा का?

ग्वाल्हेर
न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) असेल तर कागद अर्धा फेरा फिरवला की झालं. आयपीसच्या आधी डायगोनल (तिरका आरसा) लावलात तर आरशातलं चित्र दिसतं. तेव्हा छापण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि ‘एच’ एकत्र दाबून नकाशा आडवा उलटवा.